केसांच्या आकड्यानं उघडणारी दारं

"लॅचचं दार आहे, त्रिशला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस की किल्ली कमरेला पाहिजे."

बस्तीत जायला निघताना सासूबाई रोज हे म्हणायच्या. आमच्या सांगलीकडं जैन देवळाला बस्ती म्हणतात, आणि सासूबाईंना सगळी बिल्डिंग आक्का म्हणायची, म्हणून मीही आक्काच म्हणायची. त्या सकाळी मी नेहमीसारखं हसून उत्तर दिलं, "आक्का, गाऊनला कंबर कुठं असते?" त्यांनी हातातलं अक्षतांचं ताट सावरलं, माझ्या गाऊनकडं एकदा पाहिलं आणि जिना उतरून गेल्या. मी दूध गॅसवर चढवलं.

कुणी मला निष्काळजी म्हणू नये म्हणून सांगते. चेलना, म्हणजे आमची चेलू, तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती, आणि घरातली प्रत्येक वस्तू तिच्या जिवावर उठली आहे अशा समजुतीत मी वावरत होते. विजेच्या सगळ्या प्लगांना चिकटपट्ट्या. टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या बनियनच्या गाद्या. बाथरूममधली बादली कायम रिकामी आणि उपडी. द्राक्षाचे तुकडे केल्याशिवाय तिच्या तोंडाजवळ नेले नाहीत. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केल्यामुळं कशानं काय होऊ शकतं याची माझी उजळणी इतर आयांपेक्षा जरा लांबच चालायची. त्या उजळणीत दार नव्हतं. दार काय करणार?

दुधाखालचा गॅस बारीक केला. चेलू स्वयंपाकघराच्या फरशीवर वाट्या, डाव आणि एक झाकण घेऊन बसली होती आणि मन लावून बडवत होती. तेवढ्यात बेल वाजली.

दारात घोरपडे काका. समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे, फौजदार म्हणून निवृत्त झालेले, आणि हातात आण्णांची नवी कादंबरी, पानात अंगठा घालून धरलेली. तो अंगठा पाहिला की मला कळायचं, आज काहीतरी सापडलंय.

आण्णा म्हणजे माझे सासरे, भूपाल मगदूम. हायस्कुलात भूगोल शिकवला आणि निवृत्तीच्या आधीपासून रहस्यकथा लिहीत आले. त्यांचा नायक निशापती हा सभ्य चोर होता. रात्री काळा कोट घालायचा, गरिबांच्या वस्तू परत मिळवून द्यायचा आणि जगातलं कुठलंही कुलूप बाईच्या केसांतल्या आकड्यानं उघडायचा. आकडा कुणाचा, हे प्रत्येक कादंबरीत वेगळं असायचं आणि त्यावरूनच प्रेमप्रकरण सुरू व्हायचं. वाचनालयांत त्या कादंबऱ्यांना नंबर लागायचे.

फक्त एक होतं. आण्णांना माणसाचा धंदा कधी जमला नाही. त्यांच्या कादंबरीतला दीपस्तंभाचा रखवालदार संध्याकाळी काडेपेटी घेऊन दिवा लावायला चढायचा आणि वाऱ्यानं विझला तर रात्रभर परत परत चढायचा. वैमानिक ढगात विमान उभं करून खाली डोकावायचा. शवचिकित्सा करणारा डॉक्टर मढ्याच्या कपातला चहा हुंगून मरणाची वेळ सांगायचा. मिरजेच्या एका नर्सबाईंनी एकदा पत्र पाठवलं होतं: आपल्या कादंबरीतली परिचारिका अख्ख्या पुस्तकात एकदाही हात धूत नाही, तेव्हा खून विषानं झाला असं आपण ठामपणे कसं म्हणता? आण्णांनी ते पत्र कौतुकानं मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि म्हणाले, बघा, किती बारकाईनं वाचतात.

त्यांचं हस्तलिखित कॉम्प्युटरवर उतरवायचं काम माझ्याकडं होतं. मी मधेमधे विचारायची. ते म्हणायचे, "अगं, धंदा खरा असून भागत नाही, खरा वाटावा लागतो. वाचक तिथं थांबतोय कुठं? निशापती तोपर्यंत गच्चीवर पोचलेला असतो."

घोरपडे काका मात्र थांबायचे. निशापतीच्या मागावरचा इन्स्पेक्टर हा आपलाच अपमान आहे अशी त्यांची पक्की खात्री होती. त्या दिवशी त्यांच्या अंगठ्याखाली जे पान होतं त्यात इन्स्पेक्टर तिजोरीच्या मुठीवरचे बोटांचे ठसे नीट दिसावेत म्हणून ती मूठ आधी रुमालानं स्वच्छ पुसून घेत होता.

काका मला हळू आवाजात म्हणाले की पोरी, तू शिकलेली आहेस, हे टाइप करताना तुझे हात कसे थांबले नाहीत? मी म्हटलं, थांबले होते, पण निशापती गच्चीवर पोचला होता. ते हसले नाहीत. त्यांनी जिन्यातल्या तिसऱ्या दाराकडं डोळ्यांनी खुणावलं आणि मला जरा पुढं बोलावलं.

ते तिसरं दार आण्णांच्या खोलीचं. आमच्या मजल्यावर दोन फ्लॅट आणि बिल्डरनं अडगळीसाठी काढलेली एक खोली होती. ती आण्णांनी लिहायला घेतली होती. तिन्ही दारांना एकाच बनावटीचं लॅच. आत कुणी जायचं नाही, केर काढायलासुद्धा नाही. त्यामुळं आण्णांच्या चष्म्यावर आणि कादंबऱ्यांवर सारखीच धूळ असायची.

या खोलीत गेले काही महिने चोरी होत होती.

चोरी कुंद्याची. आण्णांना साखरेचा आजार, आणि बेळगावचा कुंदा, ती आटवलेल्या दुधाची मिठाई, हा त्यांचा जीव की प्राण. बेळगावला जाणारा येणारा कुणीतरी गाठून ते डबा मागवायचे आणि खोलीत शब्दकोशांच्या मागं लपवायचे. हे आम्हाला कळलं, कारण डबा रिकामा व्हायला लागला आणि आण्णांना ते बोलून दाखवल्याशिवाय राहवेना. बंद खोली, एकच दार, खिडकीला गज, किल्ली आण्णांच्या खिशात. आयुष्यभर त्यांनी बंद खोलीतली रहस्यं उलगडली आणि आता त्यांच्याच खोलीतून कोणीतरी चमच्याचमच्यानं कुंदा नेत होतं.

त्यांनी सापळे लावले. दार आणि चौकट यांच्यावर थुंकीनं केस चिकटवून ठेवला. संध्याकाळी केस जागच्या जागी, कुंदा कमी. मग फरशीवर टाल्कम पावडर पसरली. पावडरीवर एक पाऊल नाही, कुंदा कमी. आण्णांचं जेवण कमी झालं. खोलीची दुसरी किल्ली, हस्तलिखितं आणण्यासाठी, माझ्याकडं असायची. एके दिवशी जेवताना त्यांनी ती परत मागितली. अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "घरातल्या माणसावर संशय घ्यायला मला आवडत नाही, त्रिशला. पण माझ्या कादंबऱ्यांत तो शेवटी घरातलाच निघतो."

मी किल्ली दिली. कुंदा कमी होतच राहिला. मग मी बाथरूममध्ये आण्णांना साबण उलटसुलट करून बघताना पाहिलं. निशापतीच्या एका कादंबरीत मोलकरीण साबणावर किल्लीचा ठसा घेते. माझा नवरा अभिनंदन साखर कारखान्यात केमिस्ट, हंगामात पंधरवड्यानं घरी यायचा. त्याला मी फोनवर सांगितलं तर तो इतका हसला की मला रडू आलं. आक्का तेव्हा शेजारीच भाजी निवडत होत्या. त्यांनी मेथीची एक जुडी माझ्यासमोर सरकवली.

तर त्या सकाळी घोरपडे काका खुणावत होते ते याच दाराकडं. त्यांचं म्हणणं असं की आण्णांनी रीतसर तक्रार सांगावी, आपण खऱ्या पद्धतीनं तपास करू, म्हणजे निदान पुढच्या कादंबरीतला इन्स्पेक्टर माणसात येईल. ऐकायला मी उंबरा ओलांडला. एकच पाऊल. मागं गॅलरीचं दार उघडं होतं, चैत्राचा वारा होता.

दार आपटलं. लॅचचा तो आवाज अगदी लहान असतो, टक्.

मी वळून मूठ धरली, ओढली, ढकलली. आत चेलूचं बडवणं थांबलं. मग ती दाराकडं धावत आल्याचा आवाज आला आणि तिनं आतून दारावर डाव मारला. तिला वाटलं, खेळ आहे.

"चेलू, तिथंच थांब हं बाळा. आई इथंच आहे."

"आई भुर्र," ती आतून म्हणाली.

मी घोरपडे काकांना सांगितलं की दूध गॅसवर आहे. त्या माणसाचा चेहरा बदलला. दूध उतू गेलं की ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मला तर त्याचं सूत्रही येत होतं आणि ते डोक्यातून जाईना. माझा मोबाईल आत होता, किल्ली आत होती, पोर आत होतं. घराची दुसरी किल्ली आक्कांच्या कमरेला, बस्तीत. काकांनी आपल्या घरात जाऊन चावीवाल्याला फोन लावला. तो माधवनगरला कुणाचं तरी कपाट उघडत होता, निघतो म्हणाला. मग अग्निशमनाला लावला. गाडी निघाली होती, पण मधलं रेल्वे फाटक पडलेलं.

एवढ्यात आण्णा खोलीतून बाहेर आले. काय झालं ते ऐकलं. माणूस रहस्यकथा लिहिणारा. त्यांनी माझ्या डोक्याकडं पाहिलं आणि हात पुढं केला.

"आकडा दे."

मी दिला. मला तेव्हा कुणी लिंबू-मिरची मागितली असती तरी दिली असती. आण्णांनी आकडा दातांनी सरळ केला, गुडघ्यावर बसले, किल्लीच्या भोकात घातला आणि डोळे मिटले, कारण निशापती डोळे मिटतो. त्यांनी तो उजवीकडं फिरवला, डावीकडं फिरवला, मग कान दाराला लावला. आत चेलू होती, तिनं तिकडून डाव हाणला. आण्णा मागं कोलमडले. आकडा वाकून भोकात अडकून बसला.

आता चावीवाला आला असता तरी त्याला किल्लीचं भोक मोकळं मिळणार नव्हतं.

"फौजदार, खांदा लावा," आण्णा फरशीवरून म्हणाले.

घोरपडे काकांनी गेली कित्येक वर्षं आण्णांना एकच गोष्ट समजावली होती की दार खांद्यानं फुटत नाही, खांदा फुटतो. त्यांच्या नोकरीत त्यांनी एकही दार खांद्यानं उघडलं नव्हतं. पण आत पोर होतं, दूध होतं, आणि आण्णांचा आवाज असा होता की ते मागं सरले, धावत आले आणि खांदा लावला. बिल्डरनं सागवानी दार दिलं होतं. काका भिंतीला टेकून उभे राहिले आणि दुसऱ्या हातानं खांदा धरून म्हणाले की मी हे तुम्हाला लेखी द्यायला तयार आहे, सर.

मी फरशीवर आडवी पडले. दाराखाली बोटभर फट होती. त्यातून मला दोन पावलं दिसली, एकात पैंजण, एकात नाही. मी तिच्याशी बोलत राहिले. चिऊ, काऊ, भूभू, आठवेल ते. ती पावलं जरा वेळ उभी राहिली. मग वळली आणि स्वयंपाकघराकडं गेली.

आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग झाकण पडल्याचा. मग काहीच नाही.

मूल रडत असेल तर ते कुठं आहे ते कळतं. आपटलं असेल तरी कळतं. आवाज नसणं ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. मी हाका मारत होते आणि उत्तर येत नव्हतं, आणि मला फटीतून करपल्या दुधाचा वास आला. उतू गेल्याचा. मी ओरडणं थांबवलं. मला वाटलं, मी श्वास धरला तर मला ज्योतीचा आवाज येईल. आला नाही.

तेव्हा आक्का जिना चढून वर आल्या. कपाळाला गंध, हातात रिकामं ताट. त्यांनी आम्हा तिघांकडं पाहिलं. भोकातल्या आकड्याकडं पाहिलं आणि कमरेच्या किल्लीवरचा हात काढून घेतला. मला फक्त एकच विचारलं, "गॅस चालू आहे?"

मी मान हलवली.

त्यांनी ताट माझ्या हातात दिलं, चपलांच्या रॅकजवळ गेल्या आणि सगळ्यात खालच्या फळीवरचे आण्णांचे जुने, कुणी न घालायचे सँडल बाजूला केले. त्याखाली वर्तमानपत्र होतं. ते उचललं. त्याखालून एक काळा, चकचकीत कागद काढला. एक्स-रेची फिल्म होती. एका बाजूनं वापरून वापरून तिची कड पांढुरकी झालेली.

"बाजूला व्हा," त्या म्हणाल्या.

पुढचं मी अगदी जवळून पाहिलं, पण लिहिणार नाही. एवढंच सांगते की किल्लीच्या भोकाला त्यांनी हातही लावला नाही, दोनदा मनगट हललं आणि पायानं जरासा रेटा दिला. टक् असा तोच लहान आवाज आला आणि दार उघडलं.

आत गॅसचा वास भरला होता. मी धावत सुटले होते, आक्कांनी मागून माझी बाही धरली आणि बजावलं, बटणाला हात लावायचा नाही. पदर नाकाला लावून त्यांनी आधी शेगडीचं, मग सिलिंडरचं बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या. चेलू स्वयंपाकघरात दिसेना. बाथरूममध्ये नव्हती. गॅलरीत नव्हती, आणि गॅलरीच्या कठड्याशी मी किती वेळ खाली बघत उभी राहिले कोण जाणे.

आक्कांनी हाक मारली तेव्हा आले. ओट्याखाली, पडदा लावलेल्या कप्प्यात, गव्हाच्या पिठाचा मोठा डबा होता. डब्याचं झाकण बाहेर पडलेलं. आणि डब्यात, पिठात मांडीपर्यंत बसलेली चेलू. केसांत पीठ, पापण्यांवर पीठ, कानाच्या मागं पीठ. आम्हाला बघून तिनं बोट ओठांवर ठेवलं. ती लपली होती. मी दाराबाहेरून हाका मारत होते, म्हणजे अर्थातच मी तिला शोधत होते. सापडू नये म्हणून ती गप्प बसली होती.

मी तिला उचलून जिन्यात नेलं आणि पायरीवर बसले. गाऊनवर, मांडीवर, सगळीकडं पीठ. अग्निशमनची गाडी खाली येऊन थांबली तिला घोरपडे काकांनी वरूनच हात हलवून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, दुखऱ्या हातानं, आणि कळवळले.

मग ते वळले आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर फौजदार दिसला. खरा, आण्णांच्या पुस्तकातला नव्हे.

"आक्का," ते म्हणाले, "एक विचारू? ही फिल्म चपलांच्या रॅकमध्ये काय करत होती?"

आण्णांनी आक्कांच्या हातातली फिल्म घेतली, उजेडाकडं धरली. बरगड्या दिसल्या. "हा माझ्या छातीचा आहे," ते म्हणाले. मग त्यांनी आपल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. त्या दाराच्या लॅचकडं. मग आमच्या दाराच्या लॅचकडं. मग आपल्या बायकोकडं. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसाला पुराव्यावरून निष्कर्षाकडं जाताना पाहत होते, आणि तो फार सावकाश जात होता.

"केस," ते शेवटी म्हणाले. "मी केस लावत होतो."

"लावत होता. मी काढत होते आणि माझा लावत होते," आक्का म्हणाल्या. "दोघांचे पांढरेच की. तुम्हाला कळणार होतं थोडंच."

"पावडर?"

"झाडून घेतली, परत पसरली. तुमच्यापेक्षा बरी पसरली होती. तुम्ही नुसते ढीग घालता."

आण्णा पायरीवर माझ्या शेजारी बसले. त्यांना आता फक्त शेवटचा प्रश्न उरला होता, आणि तो त्यांनी विचारला. तू तर कुंदा खात नाहीस. मग गेला कुठं तो?

आक्कांनी समोरच्या दाराकडं हात केला. अन्न टाकून द्यायला आपल्यात चालत नाही, त्या म्हणाल्या, म्हणून वाटीत घालून फौजदारांना नेऊन देत होते. बहिणीनं बेळगावहून पाठवलाय असं सांगून.

घोरपडे काकांचा खांदा दुखायचा थांबला असावा, कारण त्यांनी दोन्ही हात वर केले. त्यांना काहीही माहीत नव्हतं, ते म्हणाले. आक्कांना बेळगावला बहीण आहे यावर त्यांनी विश्वास ठेवला. इतके महिने चोरीचा माल त्यांच्या पोटात जात होता आणि ते आण्णांना रीतसर तपासाच्या सूचना देत होते. "चव ओळखीची वाटायची," एवढं मात्र त्यांनी कबूल केलं.

मी हसायला लागले. रडत होते, त्यातच हसायला लागले, आणि चेलूही हसायला लागली आणि तिच्या केसांतलं पीठ सगळ्यांवर उडालं.

आण्णा मात्र हसले नाहीत. त्यांना एकच गोष्ट सलत होती, आणि ती कुंद्याची नव्हती. "तुला हे आलं कुठून?" त्यांनी विचारलं.

"आपण इथं राहायला आलो तेव्हा एकदा असंच दार लागलं होतं. चावीवाला आला होता, आठवतंय? तुम्ही सगळा वेळ त्याला निशापती कुलपं कशी उघडतो ते सांगत होता. मी त्याच्या हाताकडं बघत होते." त्यांनी आण्णांच्या हातातून फिल्म घेतली आणि पदरानं तिच्यावरचं पीठ पुसलं. "आणि तुम्ही किल्ली कधी फिरवता? नुसतं दार ओढून घेता. फिरवली असती तर मला काही करता आलं नसतं. इतकी वर्षं चोरांवर लिहिताय."

त्या दुपारी आण्णांनी माझ्यापुढं दुसरी किल्ली ठेवली. साबणाबद्दल काही बोलले नाहीत, पण जेवताना त्यांनी मला आपल्या हातानं भाकरी वाढली, जे त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नीट करताही आलं नाही. भाकरी आमटीत पडली. कुंदा पुढं ते उघडपणे मागवू लागले आणि आक्का उघडपणे काढून घेऊ लागल्या. त्यातली मजा गेली असं दोघंही म्हणायचे.

पण खरी गोष्ट पुढची आहे. आण्णांनी आक्कांना शिकवायला सांगितलं. फार दिवस त्या तयार होईनात. तुम्ही काहीतरी भलतंच लिहाल, म्हणायच्या. शेवटी एका रविवारी जिन्यात सतरंजी टाकून धडा झाला. घोरपडे काका साक्षीला होते. आण्णांना जमायला संध्याकाळ झाली, आणि दार उघडलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी एक कादंबरी लिहिली. निशापती तिच्यात नव्हता. नायिका साठीची बाई, कपाळाला गंध, हातात ताट, देवळातून येता येता घरं उघडायची आणि ज्याच्या त्याच्या वस्तू ज्याला त्याला पोचवायची. इन्स्पेक्टर ठसे पुसत नव्हता. नर्स हात धुवत होती. लॅच कसं उघडतं ते आण्णांनी असं लिहिलं होतं की टाइप करताना माझे हात थांबले, आणि मी त्यांना सांगून त्यातली दोन वाक्यं काढून टाकली, कारण खरं लिहिलेलं कुणी खरंच वापरलं तर? त्यांना ते इतकं आवडलं की काढलेली वाक्यं त्यांनी पाकिटात घालून जपून ठेवली.

ती कादंबरी पडली. वाचनालयांतून पत्रं आली. लिहिणाऱ्यांची अक्षरं वेगळी, म्हणणं एकच: निशापतीसारखा कसलेला चोर निर्माण करणाऱ्या लेखकाकडून ही अपेक्षा नव्हती. कुणी साठीची बाई एक्स-रेच्या कागदानं दार उघडते हे हास्यास्पद आहे. लेखकानं लिहिण्यापूर्वी या धंद्याची थोडी माहिती करून घ्यायला हवी होती.

आण्णा पत्र मोठ्यांदा वाचत होते. आक्का भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, "लिहा त्यांना. केसांचा आकडा पाठवून द्या एकेक."

चेलू आता दहावीला आहे. आण्णा जाऊन काही वर्षं झाली. आक्का आहेत, त्यांनीच मला ही गोष्ट लिही म्हणून सांगितलं आणि शेवटी काय लिहायचं तेही सांगितलं. म्हणून विचारते. तुम्ही हे वाचायला बसलात तेव्हा तुमच्या घरातलं लहानगं कुठं होतं? आत कुठंतरी वाट्या वाजवत होतं, पाणी सांडत होतं, भिंतीवर काहीतरी ओढत होतं, म्हणून तुम्ही निवांत बसलात. जरा कान देऊन ऐका. आता काहीच ऐकू येत नाहीये ना? मग इथं काय करताय, उठा आणि आधी बघून या.